काउंटरच्या दोन्ही बाजूंना आपणच

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त महिला मंडळे, बचत गट आणि दुकानांत काम करणाऱ्या स्त्रिया यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडे संक्षिप्त केले आहे. – संपादक)

आज २४ डिसेंबर. १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून हा ग्राहक दिन. त्या कायद्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आला, पण दिवस तोच राहिला. या दिवशी आपण वजनमापं, भेसळ, छापील किंमत, पावती यांबद्दल बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण आज इथे आलेल्या बायकांकडे बघतेय, तर निम्म्याजणी कापडाच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, मॉलमध्ये, बिलाच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या आहेत. काहीजणी तर अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन आल्या आहेत. म्हणून मी ठरवलं, आज ग्राहकाबद्दल बोलायचं ते काउंटरच्या पलीकडे उभं राहून.

हे मला थोडंफार जमेल, कारण मी स्वतः एका सहकारी ग्राहक भांडारात अकरा वर्षं काउंटरवर काढली आहेत. त्यातला एक दिवस आधी सांगते.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. त्या काळी पामतेल कार्डावर मिळायचं. आदल्या दिवशी भांडारात फळ्यावर लिहिलं होतं, 'उद्या पामतेल मिळेल.' सकाळी सातपासून बायकांची रांग. माल आला तो अर्धाच. अकराच्या सुमारास पिंपं रिकामी झाली. साहेब मला म्हणाले, "बाहेर जाऊन सांगून टाका." आणि ते केबिनमध्ये गेले. मी सांगितलं, तेल संपलं. रांगेतल्या पुढच्या बाईने तिचा रिकामा डबा काउंटरवर आपटला. म्हणाली, "संपलं कसं? तुमच्या घरी गेलं असेल!" मला इतका राग आला, की मी पण तोंड सोडलं. मी काय बोलले ते आज या व्यासपीठावरून सांगायची मला लाज वाटते. तिच्या कपड्यांवरून, ती कुठल्या वस्तीतून आली त्यावरून बोलले. ती रडायला लागली नाही. तिने डबा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि गेली.

रात्री घरी आल्यावर कळलं, की आपल्या घरातही तेल नाही. घाईत माझं स्वतःचं कार्ड लावायचं राहून गेलं होतं.

तो प्रसंग मी खूप वेळा आठवला आहे. ती बाई एक खाडा करून चार तास उभी होती. मी सकाळी साडेसहापासून उभी होती. अर्धा माल का आला, कुठे गेला, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. ज्याला माहीत असण्याची शक्यता होती तो माणूस माझ्या पाठीमागे पंधरा पावलांवर केबिनमध्ये बसला होता. आम्ही दोघी एकमेकींवर ओरडलो. ते दार मात्र आम्ही दोघींपैकी एकीनेही वाजवलं नाही.

मैत्रिणींनो, आज मला एवढंच सांगायचं आहे. काउंटर लाकडाचा असो, काचेचा असो, नाहीतर टेलिफोनचा असो, त्याच्या दोन्ही बाजूंना पुष्कळदा दोन बायका असतात, दोघीही दमलेल्या. आणि जो राग केबिनच्या दारावर जायला हवा, तो काउंटरवरच सांडतो.

हे असंच व्हायला पाहिजे असं नाही. आपल्याच महाराष्ट्रात बायकांनी याच्या उलट करून दाखवलं आहे. १९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्या इथे काही आज्या आहेत. तेव्हा मुंबईत महागाईविरोधात बायका एकत्र आल्या. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी दोन वेगवेगळ्या कम्युनिस्ट पक्षांच्या. पक्ष बाजूला ठेवून त्या एका समितीत आल्या. लाटणी घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या, मंत्र्यांना घेराव पडले. लाटणं उगारलं ते साठेबाजाकडे आणि सरकारकडे बघून. रेशनच्या दुकानात माप ओतणाऱ्या पोऱ्यावर ते उगारलं नव्हतं. त्याच दशकात पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, मुंबईत १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचा माल एकत्र मागवायचा, आपसात वाटून घ्यायचा. आज माल वाटणारी बाई उद्या घेणारी. तिथे कोणी राजा नाही नि कोणी नोकर नाही.

पुढे कधीतरी 'ग्राहक राजा' हा शब्द बोकाळला. दुकानादुकानात पाट्या लागल्या. आता राजा म्हटला की प्रजा आली. दुकानाचा मालक काही स्वतः प्रजा होत नाही. तो ती पगारावर ठेवतो.

मागच्या वर्षी भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो. आम्ही गादीवर बसलेल्या, समोर एक मुलगी उभी. वीस-बावीस वर्षांची असेल. छातीवर बिल्ला, त्यावर नुसतं पहिलं नाव. आमची नावं तिला माहीत नाहीत, तिचं नाव मात्र रस्त्यावरून आत येणाऱ्या कुणालाही माहीत. तिने तीसेक साड्या उलगडल्या. भाची म्हणत होती, "अजून दाखव." 'दाखव', 'दाखवा' नाही. ती मुलगी आम्हाला दर वाक्याला 'मॅडम' म्हणत होती. खालच्या फळीवरची साडी काढायला ती वाकली आणि मिनिटभर तशीच उकिडवी बसून राहिली. मी डोकावले. म्हटलं, "काय झालं गं, बरं नाही का?" ती म्हणाली, "काही नाही मॅडम, पाय दुखतात. खाली बसलं की कॅमेऱ्यात दिसतं."

सकाळी दहा ते रात्री नऊ. जेवायला अर्धा तास. स्टूल नाही. पाय सुजतात, पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, कंबर जाते. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि बाथरूम दुसऱ्या इमारतीत, म्हणून पाणी कमी प्यायचं. आता मला सांगा, या मुलीने हसून बोलावं अशी अपेक्षा करणाऱ्या आपण कोण? आणि ती हसलीच, तर ते हसू कुठून काढते?

ज्यांनी कारखान्यात काम केलं आहे त्यांना माहीत असेल. उभं राहून काम करावं लागणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा टेकता यावं म्हणून बसायची सोय ठेवा, असं १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं. मशीनपुढच्या कामगाराला जे मिळालं ते साडीच्या दुकानातल्या बाईला मिळवायला सत्तर वर्षं लागली, आणि तेही सगळीकडे नाही. ते मिळवलं केरळच्या बायकांनी.

कोझिकोडच्या बाजारपेठेत विजी नावाच्या शिंपीकाम करणाऱ्या बाईने दुकानांतल्या बायकांना एकत्र करायला सुरुवात केली. संघटनेचं नाव 'पेणकूट्टु', म्हणजे बायकांची सोबत. पहिली मागणी काय होती, तर संडास-मुतारी. गर्दीच्या बाजारात शेकडो बायका कामाला आणि त्यांना जायला जागा नाही. ती मागणी लढून घेतल्यावर दुसरी, बसण्याचा हक्क. २०१४ च्या डिसेंबरात त्रिशूरमध्ये एका साडीच्या दुकानातल्या विक्रेत्या संपावर बसल्या. संपाचं नावच 'बसण्याचा संप'. ज्यांना दुकानात बसू दिलं नाही त्या दुकानाबाहेर शंभरावर दिवस बसून राहिल्या. मोठ्या कामगार संघटनांनी सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नाही. खुर्ची ही काय मागणी आहे! पण २०१८ साली केरळ सरकारला दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय सक्तीची करावी लागली. २०२१ साली तामिळनाडूनेही तसाच बदल केला.

मी म्हणते, सौजन्याची सुरुवात इथून होते. खुर्चीपासून. जिला बसायला दिलं नाही तिच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करायची, म्हणजे उपाशी माणसाला ढेकर द्यायला सांगायचं.

आता हसण्याबद्दल बोलू. अमेरिकेत आर्ली हॉक्शिल्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली एक पुस्तक लिहिलं, 'द मॅनेज्ड हार्ट'. त्यांनी विमानातल्या हवाई सुंदरींचं काम जवळून पाहिलं. त्यांचं म्हणणं असं, की या बाईला ट्रे उचलायचे, ढकलगाडी ओढायची, हे तर कष्ट आहेतच. पण मनातला राग दाबून चेहऱ्यावर प्रसन्नता आणायची, प्रवाशाला आपल्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं वाटवून द्यायचं, हेही कष्टच आहेत. ते विकत घेतले जातात. त्यांनी त्याला भावनांचे श्रम म्हटलं. आपल्याला हे कळायला पुस्तकाची गरज नाही. सासरी आल्या दिवसापासून आपण हे श्रम फुकट करत आलो आहोत. 'सून हसतमुख हवी.' घरी फुकट घेतात ते दुकानात पगारात घालून घेतात, एवढाच फरक. म्हणून तर या कामांवर बायका जास्त. 'बायका मुळातच गोड बोलतात' असं म्हणायचं, आणि गोड बोलण्याचा वेगळा मोबदला द्यायचा नाही.

आणि ते हसू तरुण पाहिजे बरं का! आपल्याकडे एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना एके काळी पस्तिसाव्या वर्षी निवृत्त करत. त्याआधी चार वर्षांच्या आत लग्न केलं किंवा पहिलं बाळंतपण आलं तरी नोकरी जायची. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारिणी कोर्टात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट रद्द केली. लग्नाची मात्र ठेवली. म्हणजे बाईचं काम कसं आहे हे बघायच्या आधी, ती ग्राहकाला कशी दिसते हे बघितलं जात होतं. आजही दुकानांच्या जाहिराती वाचा. 'दिसायला नीटनेटकी, वय अठरा ते पंचवीस.'

टेलिफोनवर काम करणाऱ्या मुलींचं तर हसूसुद्धा आवाजातून मोजतात. पुण्या-मुंबईत कॉल सेंटरं आली तेव्हा परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या मुलींना नावंच दुसरी दिली जायची. घरी सुवर्णा, फोनवर सुझन. शिव्या खायच्या त्या सुझनने. पण झोप उडायची ती सुवर्णाची. माझ्या एका मैत्रिणीची मुलगी सांगत होती, ग्राहक कितीही घाण बोलला तरी फोन आपण होऊन ठेवायचा नाही. ठेवला तर मार्क जातात.

आणि आता तर मार्क देण्याचं काम आपल्याच हातात दिलं आहे. मोबाइलवर चांदण्या द्यायच्या. घरी येऊन केस कापणाऱ्या, फेशियल करणाऱ्या मुलीला तीन चांदण्या द्यायच्या की पाच, हे आपण चहा पिता पिता ठरवतो. त्या चांदण्यांवर तिला पुढचं काम मिळणार की नाही हे ठरतं. २०२१ च्या ऑक्टोबरात गुरुग्राममध्ये अशा शंभरावर बायकांनी कंपनीच्या कार्यालयासमोर धरणं धरलं. कमिशन, दंड आणि या मार्कांची पद्धत, यांविरुद्ध. बघा, पूर्वी नोकराची हजेरी घ्यायला मुकादम असायचा. आता मुकादमाचं काम ग्राहक फुकट करतो, आणि त्याला वाटतं, आपला मान वाढला.

आता नाण्याची दुसरी बाजू. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई काउंटरवर होत्या म्हणून काउंटरचीच बाजू घेतात.

पासबुक भरून घ्यायला आलेल्या म्हातारीवर बँकेत कोण खेकसतं? सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना, "काय होतंय ते नीट सांग, तोंड नाही का?" असं कोण म्हणतं? रेशनवर अंगठा मशीनवर उमटला नाही, की जणू तिचा गुन्हा. झिजलेला अंगठा हा कष्टाचा अंगठा आहे, हे तिथे कोणाच्या लक्षात येतं? आणि मघाशी ज्या साडीच्या दुकानाचं सांगितलं, त्याच दुकानात पारधी वस्तीतली बाई लेकीच्या लग्नाला साडी घ्यायला गेली, तर तिच्यापुढे गादी घालणार का? की दारातला रखवालदार तिच्या मागे मागे फिरणार? मीही त्या दिवशी भांडारात तेच केलं होतं. साहेबाचा राग माझ्याहून गरीब बाईवर काढला.

म्हणजे उद्धटपणा काउंटरच्या अमुक बाजूला असतो असं नाही. तो उतारावरून वाहतो. वरच्याकडून खालच्याकडे. पैसा, जात, शिक्षण, कपडे, भाषा, ज्या बाजूला उतार तिकडे. काही ग्राहक पैसे हातात देत नाहीत, काउंटरवर टाकतात. सुटे पैसे वरून सोडतात. सगळ्यांच्या मनात काही असतंच असं नाही, घाई असते. पण ज्यांच्या आजीच्या ओंजळीत पाणीसुद्धा वरून ओतलं गेलं आहे, त्यांना तो हात न लागू देणं म्हणजे काय हे समजतं. आपल्याला कदाचित समजत नाही. म्हणून आपण लक्ष ठेवायचं.

काहीजणी म्हणतील, आमच्या भाषेत 'प्लीज' आणि 'थँक्यू' नाही, मग सौजन्य कसं दाखवायचं? आपल्या भाषेत सौजन्य वेगळ्या शब्दात नसतं, ते क्रियापदात असतं. 'दाखव' आणि 'दाखवा', 'दे' आणि 'देता का जरा' यांत असतं. 'ताई' म्हणण्यात असतं. पण इथेही सावध राहू या. घरकाम करणारीला 'मावशी' म्हणायचं आणि दिवाळीचा बोनस द्यायचा नाही, हे आपल्याला छान जमतं. नात्याच्या शब्दाने हक्काचा हिशेब चुकता होत नाही. ताई म्हणा, आणि ताईला बसायला खुर्चीही मागा.

मग आपण करायचं काय? मोर्चा काढण्याआधी करता येतील अशा चार गोष्टी सांगते.

पहिली. तक्रार सोडायची नाही. सौजन्य म्हणजे गप्प बसणं नव्हे. माल खराब निघाला, जास्त पैसे घेतले, तर तक्रार करायचीच. पण ती केबिनच्या दारावर न्यायची. बिल करणारी मुलगी फोन नंबर मागते, कारण तिचा कॉम्प्युटर नंबराशिवाय पुढे जात नाही. नंबरासाठी अडवणूक करू नका, असं केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने २०२३ साली दुकानदारांना कळवलं आहे. पण ते मालकाला सांगा, तिच्याशी भांडू नका. मालक ऐकत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिला एवढंच म्हणा, "तुमची चूक नाही हे मला माहीत आहे. कोणाला भेटू?" या एका वाक्याने काय होतं, ते काउंटरवर उभ्या राहिलेल्या बायकांना विचारा.

दुसरी. खुर्ची मागा. ग्राहक म्हणून मागा. मालक कामगाराचं ऐकत नाही, ग्राहकाचं ऐकतो. प्रत्येक महिला मंडळाने दिवाळीच्या नि लग्नसराईच्या आधी आपल्या गावातल्या पाच दुकानांत जाऊन विचारावं, "या मुलींना बसायला काय आहे? बाथरूम कुठे आहे?" आपण राजा आहोत ना? मग एकदा तरी राजेपणाचा उपयोग करू या.

तिसरी. दुकान बंद व्हायच्या वेळी शिरू नका. आपली दहा मिनिटं म्हणजे तिची शेवटची बस. आपल्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यात लिहिलं आहे, की बाईला रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवायचं तर तिची संमती पाहिजे आणि तिला घरच्या दारापर्यंत पोचवायची व्यवस्था पाहिजे. किती ठिकाणी होते? विचारा.

चौथी गोष्ट काउंटरच्या पलीकडच्या मैत्रिणींसाठी. ग्राहकाने अंगाला हात लावला, घाणेरडं बोलला, तर 'ग्राहक आहे, सांभाळून घे' असं मालकाला म्हणता येत नाही. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा सांगतो, की कामाच्या जागी जो कोणी येईल, त्याच्यापासूनही बाईला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानातली बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. ती समिती तुमच्या जिल्ह्यात कुठे बसते, हे आज इथून जायच्या आधी विचारून घ्या. आणि एक विनंती. दारात कोण आलं आहे हे कपड्यांवरून ठरवू नका. ती उभी आहे तिथे काल तुम्ही उभ्या होतात.

ती डबा घेऊन गेलेली बाई मला परत कधी भेटली नाही. भेटली असती तर मी माफी मागितली असती. पण मला वाटतं, नुसती माफी पुरली नसती. त्या दिवशी मी काउंटरची फळी वर करून बाहेर यायला हवं होतं आणि तिला म्हणायला हवं होतं, "चला बाई, दोघी मिळून साहेबांना विचारू." रांगेतल्या चाळीसजणी मागे आल्या असत्या. तेल मिळालं असतं की नाही, मला माहीत नाही. पण दार उघडावं लागलं असतं.

मेळावा संपल्यावर लगेच उठू नका. दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे बसायचं, असं आयोजकांनी सकाळी सांगितलं होतं. आता जागा बदला. एकेकीच्या शेजारी एकेक बसा आणि विचारा, "तुम्ही दिवसातून किती वेळ उभ्या असता?" आपली पुढची बैठक त्या उत्तरांवरून सुरू करू या.